वेदीमागची वाट

आमच्या ह्यांनी आयुष्यात बँका बांधल्या, सोसायट्या बांधल्या, एका साखर कारखान्याचं ऑफिस बांधलं आणि एक चर्च बांधलं. बँकांबद्दल ते तासन्‌तास बोलतात. चर्चचं नाव काढलं की त्यांना खोकला येतो. खोटा खोकला. इतकी वर्षं संसार करून नवऱ्याचा खरा खोकला कुठला आणि खोटा कुठला हे कळत नसेल, तर तो संसार कसला?

चर्च कांजूरमार्गला आहे, टेकडीवर. कागदोपत्री नाव लांबलचक आहे, पण रिक्षावाल्याला 'टेकडीवरची माउली' म्हटलं की पुरे. दर बुधवारी आणि सप्टेंबरातल्या सणाला घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतची माणसं तिथे लोटतात. जितके ख्रिस्ती, तितकेच हिंदू. मेणाचे पाय वाहतात, मेणाची घरं वाहतात, मूल हवं असलं तर मेणाचं बाळ वाहतात. मीही वर्षातून दोनतीनदा जाते. लपूनछपून नाही, चांगली सांगून जाते. "टेकडीवर चाललेय" म्हटलं की हे पेपर डोळ्यांसमोर धरतात. उलटा धरला असला तरी त्यांना चालतो.

ह्या गर्दीचं एक कारण माउली, म्हणजे मारियामाता, हे तर झालंच. पण दुसरं कारण आमचे हे आहेत. कारण लोक तिथे नुसतं दर्शन घेऊन परतत नाहीत. वेदीच्या मागून एक वाट आहे, तिच्यातून फिरतात. तीन फेऱ्या, आणि मग मेणबत्ती. अशी वाट मी तरी आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये पाहिली नाही. तिथेही ती असायचं कारण नव्हतं. ती चुकून झाली, आणि ती चूक अनंत सबनीस ह्या पार्ल्याच्या आर्किटेक्टची, म्हणजे ह्यांची.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिथले फादर ग्लेन तुस्कानो आमच्या घरी आले. वसईचे, चाळिशीचे, मराठी आमच्या नातवापेक्षा शुद्ध. येताना वसईची सुकेळी, म्हणजे सुकवलेली गोड केळी, आणली होती आणि बगलेत गुंडाळलेले नकाशे. नकाशे दिवाणखान्यात जमिनीवर पसरले आणि कोपरे वळू नयेत म्हणून त्यांवर माझ्या वाट्या ठेवल्या.

"सर, डिसेंबरात चर्चला पन्नास वर्षं होताहेत," फादर म्हणाले. "आमच्या कमिटीला एसी हवाय. नव्या कन्सल्टंटनी मशीनं बसवायला ही जागा काढलीय." त्यांचं बोट वेदीमागच्या त्या वाटेवर होतं. "दोन्ही तोंडांना भिंती घालायच्या आणि आत मशीनं. पण मी म्हटलं, सबनीस सरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि तिथली जमीन एवढं वजन घेईल का, तेही तुम्हीच सांगू शकाल."

ह्यांनी नकाशाकडे धड पाहिलंसुद्धा नाही.

"बुजवून टाका."

"सर?"

"पन्नास वर्षांपूर्वीच बुजवायला हवी होती. चूक आहे ती."

फादरांचा चेहरा उतरला. ते विचारायला आले होते खरे, पण 'नाही' ऐकायच्या आशेने आले होते, हे मला तेव्हाच कळलं. कमिटीपुढे बिचाऱ्यांचं एकट्याचं काही चालत नसावं.

ह्या चुकीची गोष्ट सांगायला हवी.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साली तिथे फादर इनास होते. टेकडीवर तेव्हा एक पत्र्याची शेड होती आणि तीत माउलीची मूर्ती. खाली गावठाणात ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या इथल्याच ख्रिस्ती लोकांची घरं, आणि भोवती कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांच्या चाळी. रोमला मोठी धर्मसभा होऊन गेली होती आणि जगभरच्या चर्चमध्ये उलथापालथ चालू होती. पूर्वी फादर लोकांकडे पाठ करून मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, म्हणायचे, ते आता लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. वेदी मागच्या भिंतीपासून सुटून पुढे आली. फादर इनासना ह्या नव्या रीतीचं चर्च हवं होतं. त्यांनी ह्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. एक, मध्ये खांब नकोत. शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही वेदी दिसली पाहिजे. दोन, पैसे कमी आहेत.

हे तेव्हा तिशीचे, नोकरी सोडून नुकतेच स्वतःचं ऑफिस थाटलेले. ऑफिस म्हणजे आमच्या स्वयंपाकघराशेजारची खोली. रात्रंदिवस रेघा ओढत बसायचे. छप्पर कसं करायचं ह्यावर महिनाभर अडले होते. एकदा मी तांदूळ पाखडून दोन सुपं एकमेकांना टेकवून उभी ठेवली, आणि हे ती बघत अर्धा तास बसून राहिले. तेच छप्पर. काँक्रीटची दोन प्रचंड सुपं, माथ्याशी एकमेकांजवळ आलेली, पण टेकलेली नाहीत. मधल्या फटीतून उजेड थेट वेदीवर उतरतो. आत एकही खांब नाही. भिंतींना गिलावा करायलाही पैसे नव्हते, म्हणून साच्याच्या फळ्यांच्या रेघा काँक्रीटवर तशाच ठेवल्या. रंगीत काचा तर परवडण्यातल्या नव्हत्याच. मग गावठाणातून रिकाम्या बाटल्या गोळा केल्या आणि त्यांची हिरवी, तपकिरी बुडं भिंतीत बसवली. एवढ्या बाटल्या एका छोट्या गावठाणात रिकाम्या कशा झाल्या, ते फादर इनासनी विचारलं नाही.

आणि वेदीच्या मागे ह्यांनी एक अर्धगोल भिंत घातली. तिच्यात पुढून माउलीचा कोनाडा, आणि मागून एक वाट, ह्या अंगाने शिरून त्या अंगाने बाहेर पडणारी. का घातली? ह्यांना विचाराल तर 'हात चालला' म्हणतील. मूर्ती मध्ये आहे म्हटल्यावर मागून वाट ही हवीच, त्यात विचारायचं काय! लहानपणापासून पाहिलेल्या प्रत्येक देवळात होती. नकाशात वेदीला 'वेदी' लिहिलंय, दाराला 'दार' लिहिलंय, त्या वाटेवर काहीच लिहिलेलं नाही. फादर इनासना वाटलं ती गायकांच्या ये-जा करण्यासाठी असेल. इंजिनियरला वाटलं वारा खेळायला. कंत्राटदाराला वाटलं पाइप टाकायला. प्रत्येकाने आपापल्या समजुतीने मान डोलावली आणि काँक्रीट ओतून मोकळे झाले.

उद्घाटनाच्या दिवशी मोठमोठी मंडळी आली होती. ह्यांच्या कॉलेजातले एक प्राध्यापकही होते, ज्यांना हे फार मानायचे. छप्पर पाहून सगळे वाहवा करत होते. तेवढ्यात बिशपांबरोबरच्या एका पाहुण्यांनी विचारलं, ही मागची वाट कशासाठी? आणि आमच्या ह्यांनी, खणखणीत आवाजात, अगदी सहज सांगितलं, "प्रदक्षिणेला."

 मग ते प्राध्यापक म्हणाले, "वा, सबनीस! आणि सत्यनारायण कुठे मांडायचा?"

सगळे हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. मी तिथेच होते. ह्यांचे कान लाल झाले, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. फादर इनासनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जेवण झालं, फोटो झाले. पण त्या दिवसानंतर हा माणूस पुन्हा त्या टेकडीवर चढला नाही. मी म्हणायची, अहो, लोक फिरतात हो तिथे, मोठी रांग असते. हे म्हणायचे, "गर्दी काय, कुठेही होते."

आता ऐंशी उलटली. बायपास झालाय, ऐकू कमी येतं, जिभेची धार तेवढी शाबूत आहे. मला एवढंच वाटत होतं, की आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम ही आपली सगळ्यात मोठी फजिती आहे, असं समजून ह्या माणसाने जाऊ नये. आणि आता तर तो स्वतःच्या तोंडाने ती वाट बुजवायला सांगत होता. माझा संताप संताप झाला.

मी चहाचा ट्रे जरा जोरातच ठेवला.

"फादर, सुकेळी छान आहेत," मी म्हटलं. "सर येतील जागेवर बघायला."

"कोण येणार?" हे म्हणाले.

"तुम्ही. ऑफिसातल्या पोरांना जन्मभर काय दटावलंत? जागेवर उभं राहिल्याशिवाय रेघ मारायची नाही. त्या राजेशला तर तुम्ही ह्याच एका चुकीसाठी घरी पाठवलं होतंत, जागा न बघता भिंत हलवली म्हणून. मग आता घरबसल्या भिंत घालायला सांगताय ती कुठल्या नियमात?"

 स्वतःचाच नियम आडवा आला की माणसाला पळायला वाट राहत नाही. मशीनांच्या वजनाचाही प्रश्न होताच, आणि त्या बाबतीत हे देवाचंसुद्धा ऐकत नाहीत.

"बुधवारी येणार नाही," शेवटी म्हणाले. "तिथे बुधवारी जत्रा असते म्हणे. मंगळवारी शांतपणे येईन, मापं घेईन, पाच मिनिटांत निघेन."

"मंगळवारी तर मंगळवारी," मी म्हटलं.

फादरांनी काही सांगायला तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. माणूस हुशार, त्यांनी तोंडात सुकेळं घातलं. पुढचा मंगळवार म्हणजे एक सप्टेंबर. माउलीचा सण आठ तारखेला. सणाआधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, असते आणि त्या नऊ दिवसांत टेकडीवर रोजच बुधवार असतो. हे ह्यांना कुठून माहीत असणार? पन्नास वर्षं पेपर उलटा धरून वाचला की असंच होतं.

मंगळवारी सकाळी आम्ही रिक्षाने निघालो. ह्यांच्या खिशात जुनी कापडी टेप, कानात मशीन, हातात काठी. लिंक रोडला पवईपर्यंत हे एका बँकेच्या तळघराबद्दल बोलत होते. टेकडीचा चढ लागला तसे बोलायचे थांबले. दोन्ही बाजूंना मेणवाल्यांच्या टपऱ्या, झेंडूचे हार, उकडलेले चणे, आणि माणसंच माणसं.

"हे काय आहे?" हे म्हणाले.

"मंगळवार," मी म्हटलं.

"क्षमा, तू मला फसवलंस."

"हो."

रिक्षावाला हसला. हे काही उतरेनात. मी पैसे देऊन उतरले आणि चालू लागले. मागून काठीची टकटक आली.

फाटकाशी फादर ग्लेन उभे होते. ह्यांनी मान वर करून छपराकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबले. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी वगैरे येणार.

"रंग कोणी दिला?" हे गरजले. "काँक्रीटला ऑइलपेंट? तोही पिवळट?"

"माझ्या फार आधी, सर."

"आणि पायऱ्यांना ह्या बाथरूमच्या टाइल्स?"

"त्याही आधी."

"फाशी द्यायला पाहिजे," हे म्हणाले, आणि झपाझप आत गेले. गुडघ्यांची तक्रार त्या टाइल्सवरच राहिली.

आत मात्र रंग नव्हता. फळ्यांच्या रेघा तशाच होत्या. फटीतून ढगाळ उजेड वेदीवर उतरला होता. मिस्सा नुकती संपली होती, बाकांवर माणसं होती, आणि अगदी शेवटच्या बाकावर खरंच एक म्हातारी बसली होती, हातात जपमाळ घेऊन. हे तिच्याजवळ गेले, खाली वाकून तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून वेदीकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. म्हातारी जरा सरकून बसली. तिला वाटलं, बसायला जागा हवीय.

मग आम्ही वेदीमागच्या वाटेशी आलो. तिच्या तोंडाशी चपलांचा ढीग होता. तिथे चपला काढा असं कुणी कधी सांगितलेलं नाही, पाटीही नाही, पण सगळेच काढतात, ख्रिस्ती बायकाही. ढिगाशेजारी चाकांच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मांडीवर लोकांच्या पिशव्या, छत्र्या, एक हेल्मेट.

"ठेवा हय," ते म्हणाले. "मी आसंय."

ह्यांनी चपला काढल्या, काठी त्यांच्याकडे दिली आणि टेप घेऊन उलट्या बाजूने आत शिरायला लागले. समोरून रांग येत होती.

"ओ काका, खय चाललास?" मागून एक ठणठणीत आवाज आला. सत्तरीच्या एक बाई, हिरवी साडी, केसांत अबोलीचा वळेसर. "उलटी प्रदक्षिणा घालतात काय कोण? लाइनीत या."

"मला फक्त माप घ्यायचंय."

"तां फिरता फिरता घेवा. चला, चला, मागे गर्दी झालीय."

आणि बँकांच्या चेअरमनना ताटकळत ठेवणारे आमचे हे निमूट रांगेत आले. पुढे हे, मागे मी, माझ्यामागे त्या बाई. त्यांचं नाव रत्नप्रभा. ते त्यांनी पहिल्याच पावलाला सांगितलं, आणि खुर्चीतले ते शिवदास, आपले यजमान, तेही.

वाट अंधारी आणि गार. भिंतीतल्या बाटल्यांच्या बुडांतून हिरवा, तपकिरी उजेड पायांवर पडत होता. कुणी नमो मारिया पुटपुटत होतं, कुणी गणपतीचं काहीतरी. सगळ्यांचा उजवा हात माउलीमागच्या भिंतीवरून सरकत होता. हे अचानक थांबले. मी त्यांच्या पाठीवर आदळले.

"रेघा गेल्या," हे म्हणाले.

मी पाहिलं. हाताच्या उंचीवर काँक्रीटचा एक पट्टा घासून घासून काळाभोर, गुळगुळीत झाला होता. फळ्यांच्या रेघा तिथे पुसून गेल्या होत्या. त्याच्या खाली, गुडघ्याच्या जरा वर, तसाच दुसरा बारीक पट्टा होता. लहान मुलांच्या हातांचा. ह्यांनी आधी वरच्या पट्ट्यावर हात ठेवला, मग वाकून खालच्यावर.

"पयल्यांदाच आलास काय?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

मी सांगणार होते. ह्यांनी माझं मनगट दाबलं.

"हो," हे म्हणाले. "तुम्ही नेहमी येता?"

"मी? ह्या झाला तेव्हापासून!" बाई चालता चालता बोलू लागल्या. "लग्न होऊन मालवणातून नुकतीच आले होते. हे गिरणीत, आणि खाली चाळीत खोली. थोरल्याला ताप भरला, उतरता उतरेना. डॉक्टर झाला, अंगारा झाला. शेजारची मरीबाय म्हणाली, चल वर माउलीकडे. आले. पण आत बसल्यावर करूचा काय, ता माका ठाऊक नाय. सगळी उठली की मी बसलेली, सगळी बसली की मी उभी. गाणी येईनात, हात कसे जोडायचे कळेना. सगळी माझ्याकडेच बघतायत असं वाटलं. अशी लाज वाटली बाई, म्हटलं उठान जावया. तेवढ्यात ही वाट दिसली."

रांग पुढे सरकली. हे कानातलं मशीन सारखं करत होते.

"आणि माका बरा वाटला. म्हटलं, ह्या आपल्याक येता! प्रदक्षिणा काय कोणी शिकवूक लागता? पोराला खांद्यावर टाकलं आणि फिरले. एकटीच होते. फादर इनास बघत होते तिकडून, मी घाबरले, आता ओरडतील. ते आले आणि माझ्या मागून फिरूक लागले. मग मरीबाय आली. मग सगळीच."

"आणि मुलगा?" मी विचारलं.

"तो बसचो ड्रायव्हर मुलुंडाक. दोन पोरी आहेत त्याला." बाईंनी भिंतीवर हात फिरवला. "ज्यानं कोणी ह्या बांधल्यान, त्याला आमची आठवण होती बघा. नायतर दुसऱ्याच्या देवळात आपल्यासाठी वाट कोण ठेवता?"

ह्यांचे कान लाल झाले. पन्नास वर्षांपूर्वी झाले होते तसेच, तितकेच. पण ह्या वेळी चेहरा वेगळा होता. फेरी पूर्ण झाली, दुसरी सुरू झाली, रांगेतून निघायचं म्हटलं तरी निघता येत नव्हतं. अंधाऱ्या भागात आल्यावर हे माझ्या कानाशी वाकले.

"क्षमा, मला कुणाचीच आठवण नव्हती गं. हात चालला, एवढंच."

"तुम्हाला नसेल. हाताला होती ना," मी म्हटलं. आणि मला रडू आलं. चर्चमध्ये बायका रडतात, त्यामुळे कुणाला विशेष वाटलं नाही.

तिसरी फेरी संपली आणि आम्ही तोंडाशी आलो. रत्नप्रभाबाईंनी दोन्ही तळवे पुन्हा एकदा भिंतीवर घासले, खुर्चीशी आल्या आणि ते तळवे यजमानांच्या गुडघ्यांवरून फिरवले. एकदा, दोनदा, तीनदा. शिवदासांनी डोळे मिटून घेतले होते.

"हे आत का येत नाहीत?" ह्यांनी विचारलं.

"खुर्ची वळना नाय त्या कोपऱ्यात. मागच्या सणाला घुसवली, ती अडकली. सगळी लाइन बंद. चार पोरांनी उचलून भायर काढली. तेव्हापासून हे म्हणतात, मी येत नाय आत."

"मी आपलो चपला राखतंय," शिवदास म्हणाले आणि हसले. "इतकी वर्षं फिरलंय मी ह्या वाटेन. आता पायच नाय."

 ह्यांनी टेप काढली, वळणाशी गेले, दोन्ही हात पसरून रांग थांबवली आणि माप घ्यायला लागले. टेपेचं दुसरं टोक मी धरलं, जसं घरच्या ऑफिसात धरायचे. मग खुर्चीचं माप घेतलं. मग पुन्हा वळणाचं. लोक खोळंबले होते, कुणी कुरकुरत होतं. फादर ग्लेन लगबगीने आले.

"सर, काय दिसतंय? वजन घेईल जमीन?"

"फादर, हे चुकलंय," हे म्हणाले.

 इतकं पाहून, इतकं ऐकूनही? मी टेपेचं टोक सोडणारच होते.

"हे वळण," हे पुढे म्हणाले, "एकदम चुकलंय. खुर्ची वळत नाही म्हणजे काय? इथून भिंत कापायची, इतकी. आत खांब नाही, सळ्या कुठे आहेत ते मला माहीत आहे. आणि उंबऱ्याला उतार. तुमची मशीनं मागच्या खोल्यांच्या गच्चीवर टाका, जागा मी काढून देतो. त्या कन्सल्टंटला सांगा, जागेवर ये आधी. उभं राहिल्याशिवाय रेघ मारायची नाही."

"म्हणजे वाट बुजवायची नाही?"

"डोकं फिरलंय का तुमचं?"

फादर इतके हसले की त्यांना झगा सावरावा लागला. "कमिटीला मी हेच सांगतो, सर. अगदी ह्याच शब्दांत."

रत्नप्रभाबाई मघापासून ह्यांच्याकडे रोखून बघत होत्या. "तुम्ही कोण हो?" त्यांनी विचारलं.

मी वाट बघत राहिले. खोकला येतो की काय, एवढीच मला धास्ती. खोकला आला नाही.

"मी आर्किटेक्ट," हे म्हणाले. "ही वाट मी बांधली."

एवढं पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून निघालं. मला वाटलं, बाई आता हात जोडणार, पाया पडणार, आणि हे अवघडून जाणार. बाईंनी ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग वळणाकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या नवऱ्याकडे.

"मग इतकी अरुंद कशाक बांधलास?" त्या म्हणाल्या.

ह्यांनी त्या वळणाकडे पाहिलं. आणि मग हसायला लागले. काठी नव्हती, म्हणून भिंतीला धरून हसले. पन्नास वर्षं ज्या प्रश्नाला भिऊन हा माणूस पवईच्या पुढे आला नाही, तो प्रश्न अखेर कुणीतरी विचारला होता, आणि तो भलताच निघाला होता.

"चुकलं," डोळे पुसत हे म्हणाले. "चुकलं बाई माझं. डिसेंबरात या, ह्यांना घेऊन. रुंद करून ठेवतो."

"नक्की?"

"नक्की."

"माका खुर्चीत बसून पयली फेरी व्हयी हां," शिवदास म्हणाले. "मगे चपला दुसरो कोणतरी राखांदेत."

घरी आल्यावर हे जेवायलाही बसले नाहीत. जुना नकाशा टेबलावर घेतला, त्यावर पातळ कागद अंथरला आणि पेन्सिलीला टोक केलं. हात आता पूर्वीसारखा चालत नाही. एक रेघ चारदा खोडली. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा वळण रुंद झालं होतं, उतार आला होता, गच्चीवर मशीनं गेली होती. सगळ्या खोल्यांवर पहिल्यासारखीच नावं होती. फक्त वेदीमागच्या कोऱ्या पट्ट्यावर ह्यांची पेन्सिल अडली होती.

"इथे काय लिहू?" ह्यांनी विचारलं. "कन्सल्टंट विचारील, ही जागा कशासाठी."

"तेव्हा काय सांगितलं होतंत?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून, ठळक आणि जरा वाकड्या अक्षरांत, लिहिलं: प्रदक्षिणा.